घरपट्टी अडवून रस्ता होत नाही

प्रश्न असा आहे: "तालुक्याच्या गावी, नगरपालिकेच्या वाढीव हद्दीत आमची कॉलनी आहे. प्लॉट एनए, म्हणजे बिनशेती, आहेत, घरं होऊन पंधराएक वर्षं झाली. रस्ता अजून मातीचा, गटार नाही, पाणी दहा-बारा दिवसांआड. पालिकेत गेलं की 'तुमची कॉलनी हस्तांतरित नाही' एवढंच ऐकायला मिळतं. त्यात आता चतुर्वार्षिक आकारणीत घरपट्टी दुपटीच्या वर गेल्याची नोटीस आली. कॉलनीची बैठक झाली. रस्ता होईपर्यंत कुणीच घरपट्टी भरायची नाही, असं सगळ्यांचं म्हणणं पडलं. हे बरोबर आहे का? नसेल तर काय करावं?"

बैठकीतला तो निर्णय आधी मागे घ्या. तुमचा राग खोटा नाही, पण हत्यार चुकीचं उचललंय. जळगाव आणि धुळे जिल्ह्यांतल्या पालिकांमध्ये कर विभागाच्या टेबलावर माझी बरीचशी नोकरी गेली. 'रस्ता नाही तर घरपट्टी नाही' म्हणणाऱ्या कॉलन्या अधूनमधून यायच्याच. त्यातल्या एकीचाही रस्ता त्या हट्टामुळे झाल्याचं मला आठवत नाही. थकबाकीवरची शास्ती, म्हणजे दंड, मात्र सगळ्यांची वाढली.

घरपट्टी हा मालमत्तेवरचा कर आहे, सुविधेची फी नव्हे. १९६५ च्या नगरपरिषद अधिनियमात रस्ता नाही म्हणून घरपट्टी माफ, अशी तरतूद नाही. उलट थकबाकीवर दरमहा २ टक्के शास्ती आहे. वर्षाची घरपट्टी ६,००० रुपये धरली तर महिन्याला १२० आणि वर्षाला १,४४० रुपये नुसती शास्ती. पुढच्या वर्षीची बाकी तिच्यात पडली की तिचं मीटर वेगळं सुरू. शासन अधूनमधून शास्तीमाफीची अभय योजना आणतं आणि लोक तिच्या आशेवर बसून राहतात. ती येईल तेव्हा येईल, मार्चमधली वसुली मोहीम मात्र दरवर्षी येते. नळ तोडायला येतात, चौकात थकबाकीदारांच्या नावाचा फलक लागतो, आणि तुमच्यातलं कुणी उद्या नगरसेवकाला उभं राहायचं म्हटलं तर बाकीपायी अर्ज बाद होण्याची भीती. शिवाय मुख्याधिकाऱ्यांच्या दालनात दहाजण रस्ता मागायला गेलात की पहिला प्रश्न येतो, "तुमची बाकी किती?" तिथेच बोलणं संपतं. चोख भरणाऱ्याला निदान खुर्चीवर बसून बोलता येतं.

दुसरं म्हणजे, तुमच्या गाऱ्हाण्यात तीन वेगळी प्रकरणं एकाच गाठोड्यात बांधली गेली आहेत: आकारणी, हस्तांतर (म्हणजे कॉलनीतले रस्ते आणि मोकळी जागा पालिकेच्या नावावर होणं) आणि पाणी. पालिकेत ही तीन वेगळी टेबलं आहेत. कर विभाग, बांधकाम किंवा नगररचना विभाग आणि पाणीपुरवठा विभाग. एकाच निवेदनात तिन्ही लिहिलं, खाली पन्नास सह्या केल्या आणि नगराध्यक्षांच्या हातात देऊन फोटो काढला, तर तो कागद 'संबंधित विभागाने कार्यवाही करावी' असा शेरा घेऊन या टेबलावरून त्या टेबलावर फिरतो आणि कुठेच उतरत नाही. तीन अर्ज करा, तीन वेगळ्या विषयांचे. प्रत्येकाची आवक-जावकला नोंद करून दुसऱ्या प्रतीवर शिक्का, तारीख आणि आवक क्रमांक घ्या. एका पालिकेत आवक टेबलावरचे आबा तावातावाने आलेल्या माणसाला शांतपणे एवढंच म्हणायचे, "भाऊ, कागद लई ये, मंग बोल." म्हणजे कागद घेऊन ये, मग बोल. त्या माणसाला तेव्हा राग यायचा, पण आबांचं म्हणणं खरं होतं. तोंडी तक्रारीला पालिकेत वय नसतं. शिक्का पडलेल्या कागदाला असतं.

आता आकारणी. याची मुदत चालू आहे, म्हणून हे आधी.

दर चार वर्षांनी सगळ्या मालमत्तांची आकारणी नव्याने होते. नवीन यादी लावतात, नोटिसा देतात आणि हरकतीला मुदत देतात, साधारण ३० दिवस. ही मुदत हुकली की पुढे चार वर्षं तो आकडा मानेवर बसतो, म्हणून नोटिशीवरची तारीख आजच बघा. आणि एक गोष्ट बैठकीत नीट समजावून सांगा: हरकत घराघराची वेगळी असते. आकारणी मालमत्ता क्रमांकावर होते, कॉलनीवर होत नाही. पन्नास सह्यांचं निवेदन हे निवेदन म्हणूनच दाखल होतं, हरकत म्हणून नाही. सुनावणीची तारीख ज्याने स्वतःच्या मालमत्ता क्रमांकासह अर्ज केला त्यालाच लागते. पुढाऱ्याने दिलेल्या सामूहिक निवेदनावर विसंबून घरी बसलेली माणसं मी पाहिली आहेत. सुनावणीच्या यादीत त्यांचं नावच नव्हतं.

हरकतीत "वाढ अन्यायकारक आहे, रद्द करावी" असं लिहून काही होत नाही. सुनावणी घेणारा अधिकारी आकडा कशावरून चुकला ते विचारतो. म्हणून टेप घ्या आणि नोटीस शेजारी ठेवून घर मोजा. हल्ली मोजणी बाहेरच्या एजन्सीकडून करून घेतात. पोरं मोबाईलवर फोटो काढतात, दाराला कुलूप असेल तर बाहेरून अंदाज धरतात, आणि जिन्याखालची जागा, मागचं पत्र्याचं शेड, पुढचा उघडा ओटा सगळं एकाच क्षेत्रफळात जातं. क्षेत्रफळ चौरस फुटांत लिहिलंय की चौरस मीटरमध्ये तेही बघा. मग बांधकामाचा प्रकार. आरसीसी, लोडबेअरिंग, पत्र्याचं, मातीचं यांचे दर वेगवेगळे असतात. पुढे स्लॅबच्या दोन खोल्या आणि मागे सरपणाचं पत्र्याचं शेड असेल, तर दोन्हींची नोंद वेगळी हवी. गावठाणात राहणाऱ्या तुमच्या भाऊबंदांनाही हे सांगा. खान्देशात मागे जुनं धाब्याचं घर आणि पुढे नवीन बांधकाम अशी घरं गल्लीगल्लीत आहेत, आणि आकारणीत धाब्यालाही सर्रास आरसीसीचा दर लागलेला असतो. पांढऱ्या मातीच्या धाब्याचा, लाकडी सरांचा आतून काढलेला एक फोटो लावला तर अधिकाऱ्याला पुढे बोलायला जागा राहत नाही.

वापर हा आणखी एक घोळ. पुढच्या खोलीत पिठाची गिरणी किंवा झेरॉक्सचं मशीन आहे म्हणून अख्खं घर वाणिज्य दाखवतात. तेवढीच खोली बिगरनिवासी धरा असं लेखी मागा. बिगरनिवासी लागलं की दर तर चढतोच, वर रोजगार हमी कराचाही आकडा येतो. शिक्षण कर, वृक्ष कर हे घरपट्टीच्या बिलात येतात, त्यांच्याशी भांडू नका. मात्र भुयारी गटाराचा आकार लावलाय आणि तुमच्याकडे गटारच नाही, तर ती ओळ हरकतीत नक्की घ्या.

आता खरी मेख. करयोग्य मूल्य काढतात ते घर भाड्याने दिलं तर वर्षाला किती भाडं यावं, या अंदाजावरून. त्या वार्षिक भाडेमूल्यातून दुरुस्तीपोटी १० टक्के वजा करून उरतं ते करयोग्य मूल्य, आणि त्यावर कराची टक्केवारी. भाड्याचा दर भागानुसार, म्हणजे झोननुसार ठरवलेला असतो. वाढीव हद्दीतल्या कॉलन्या बऱ्याचदा शेजारच्या मोठ्या रस्त्याच्या झोनमध्ये ओढल्या जातात. रस्ता नसल्याचा मुद्दा उपयोगाचा आहे तो इथे. रस्ता नाही म्हणून करमाफी मिळत नाही, पण पक्का रस्ता, गटार आणि रोजचं पाणी असलेल्या भागातलं भाडं मातीच्या रस्त्यावरच्या घराला येत नाही, म्हणून झोन खालचा धरा, असं म्हणता येतं. अर्जात साधारण असं लिहा:

"मालमत्ता क्र. अमुक. माझे घराचे प्रत्यक्ष क्षेत्रफळ इतके असून नोटिशीत इतके दर्शविले आहे. मागील बाजूचे इतके क्षेत्र पत्र्याचे शेड असून ते आरसीसी धरले आहे. सदर भागात पक्का रस्ता व गटार नाही, पाणीपुरवठा इतक्या दिवसांआड होतो. मुख्य रस्त्यालगतच्या झोनचा भाडेदर लावणे वस्तुस्थितीस धरून नाही. समक्ष मोजणी करून व झोन तपासून फेरआकारणी करावी. मला सुनावणीची संधी द्यावी."

सोबत कच्चा नकाशा, घराचे आणि रस्त्याचे फोटो, बांधकाम परवानगी असेल तर तिची प्रत आणि जुनी पावती जोडा. भाडेकरू असेल तर भाडेचिठ्ठी जोडा. ती कमी रकमेची असेल तर तुमच्याच बाजूने बोलते. कॉलनीत कुणी माजी सैनिक असतील तर त्यांना एका घरापुरती मालमत्ता करात माफी आहे, त्यासाठी जिल्हा सैनिक कल्याण कार्यालयाचा दाखला लागतो. चाळीसगाव, अमळनेर पट्ट्यात फौजी घरं पुष्कळ, आणि दाखला लावायचा राहून गेलेलीही पुष्कळ.

सुनावणीला स्वतः जा. घरधनी बाहेरगावी असतील तर घरातल्या कुणालाही अधिकारपत्र देऊन पाठवा, पण गैरहजर राहू नका. निकाल पटला नाही तर मालमत्ता कर अपील समितीकडे जाता येतं, पण तिथे वादातली रक्कम आधी भरावी लागते. म्हणजे भरायची नाही म्हणणाऱ्याला अपिलाचं दारही बंद. मागच्या वर्षांची बाकी असेल तर ती आताच भरून टाका. नवीन बिल भरताना अर्जावर "हरकत राखून भरणा करीत आहे" असं लिहा आणि पावतीची प्रत फाईलला लावा.

आता "कॉलनी हस्तांतरित नाही" या वाक्याकडे येऊ. हे वाक्य ऐकून लोक चिडतात, पण अधिकारी दरवेळी टाळाटाळ म्हणून ते बोलत नाही. ज्या जागेवर पालिकेचं नाव नाही तिथे पालिकेचा पैसा टाकला की लेखापरीक्षणात आक्षेप निघतो आणि वसुली अधिकाऱ्यावर लागते. जिल्हा नियोजन समितीचा निधी असो की शासनाच्या नगरोत्थान योजनेचा, प्रस्तावाला जागा पालिकेच्या ताब्यात असल्याचा दाखला जोडावाच लागतो. आमदारांनी भूमिपूजनाचा नारळ फोडला आणि काम वर्षभर सुरूच झालं नाही, असं तुमच्या आसपास कुठे दिसलं तर अडचण बहुतेक वेळा हीच असते.

तेव्हा आधी तुमची कॉलनी कोणत्या जातीची आहे ते शोधा. एनए एवढ्याने भागत नाही. रेखांकनाला, म्हणजे लेआउटला, अंतिम मंजुरी मिळालेली असेल तर उत्तम. बऱ्याच ठिकाणी तात्पुरत्या मंजुरीवरच प्लॉट विकले गेले, रस्ते-गटारी करून अंतिम मंजुरी घ्यायची अट लेआउटवाल्याने पाळलीच नाही. तिसरा प्रकार गुंठेवारीचा, म्हणजे रेखांकनच नाही, नुसते तुकडे पाडून विकलेले. त्याचा मार्ग वेगळा आहे. २००१ च्या गुंठेवारी अधिनियमाखाली नियमितीकरण करून घ्यायचं. २०२१ च्या दुरुस्तीने त्याची मर्यादा ३१ डिसेंबर २०२० पर्यंतच्या भूखंडांपर्यंत पुढे आणली आहे. तुम्ही एनए म्हणताय, म्हणजे पहिल्या दोनपैकी एक असावं.

त्यासाठी दोन कागद मिळवा: बिनशेतीचा आदेश आणि मंजूर नकाशा. जुनी कॉलनी ग्रामपंचायतीच्या हद्दीत असताना मंजूर झाली असेल तर हे कागद पालिकेत नसतील. प्रांत किंवा जिल्हाधिकारी कार्यालयाच्या बिनशेती शाखेत आणि जिल्ह्याच्या नगररचना कार्यालयात असतील. मिळत नसतील तर माहिती अधिकार वापरा. अर्जाला १० रुपयांचं कोर्ट फी स्टॅम्प, आपल्याकडच्या नियमानुसार एका अर्जात एकच विषय आणि मजकूर १५० शब्दांच्या आत. ३० दिवसांत उत्तर आलं नाही तर पुढच्या ३० दिवसांत पहिलं अपील करा. 'का केलं नाही' असले प्रश्न विचारू नका, कागद मागा. "गट क्रमांक अमुक मधील मंजूर रेखांकनाचा नकाशा, बिनशेती आदेश आणि त्यातील अटी यांच्या प्रती" एवढंच पुरे.

बिनशेती आदेशाच्या शेवटच्या पानांवर अटी असतात. त्या वाचल्यावर तुमच्या पंधरा वर्षांच्या गाऱ्हाण्याचं उत्तर बहुतेक तिथेच सापडेल: अंतर्गत रस्ते, गटारी, पथदिवे विकासकाने स्वखर्चाने करून द्यायचे. लेआउटवाला हयात असेल, गावातच असेल, तर पालिकेने त्याला अटींच्या पूर्ततेची नोटीस द्यावी असा अर्ज करा. नोटिशीने तो रस्ता करून देईलच असं मी म्हणत नाही. पण त्याच्यावर नोटीस गेल्याशिवाय 'विकासकाने केलं नाही, सबब नगरपरिषदेने ताब्यात घेऊन करावं' या पायरीवर फाईल चढत नाही.

मग सातबारा काढा. सातबारा उताऱ्यात रस्त्यांचं आणि खुल्या जागेचं क्षेत्र अजून कुणाच्या नावावर आहे ते बघा. निम्म्या कॉलन्यांत ते लेआउटवाल्याच्या किंवा त्याच्या वारसांच्या नावावरच राहिलेलं असतं, आणि घोटाळे तिथूनच सुरू होतात. मोठ्या रेखांकनात दहा टक्के जागा मोकळी सोडावी लागते. शहराकडची जमीन महाग झाली की वारसांना त्या जागेचा मोह सुटतो. नकाशावर 'ओपन स्पेस' लिहिलेल्या जागेला कुणी तारेचं कुंपण घालायला लागलं, तर त्या दिवशीच पालिकेत आणि तलाठ्याकडे लेखी हरकत द्या. कुंपण उभं राहिल्यावर काढायला कोर्ट लागतं. आणि मंदिराच्या बाबतीतही एक सांगतो, कुणाला राग येवो. मोकळ्या जागेवर सगळ्यांच्या उत्साहाने आधी चौथरा, मग शेड, मग सभामंडप उभा राहतो, आणि उद्या तीच जागा बालोद्यानाच्या निधीत घालायची म्हटली की प्रस्ताव अडकतो. आधी जागा पालिकेच्या नावावर होऊ द्या, मग काय बांधायचं ते परवानगीने बांधा.

कागद हातात आले की मुख्याधिकाऱ्यांच्या नावे अर्ज: "गट क्रमांक अमुक मधील मंजूर रेखांकनातील रस्ते व खुली जागा नगरपरिषदेने ताब्यात घेऊन महसूल अभिलेखात नगरपरिषदेचे नाव लावण्याबाबतचा विषय सर्वसाधारण सभेपुढे ठेवावा." इथे कॉलनीच्या सगळ्यांच्या सह्या चालतात, नव्हे हव्यातच. हाच अर्ज तुमच्या प्रभागातल्या दोन्ही नगरसेवकांना द्या. कितीतरी पालिकांवर वर्षानुवर्षं प्रशासक होते, तेव्हा असे विषय कुणी मांडायचे हाच प्रश्न होता. २०२५ च्या डिसेंबरमध्ये नगरपरिषदांच्या निवडणुका झाल्या, त्यामुळे आता ठराव करायला सभागृह आहे. नवीन नगरसेवकाला पहिल्या वर्षात काम दाखवायची घाई असते, तिचा फायदा घ्या. विषयपत्रिकेवर विषय आला का, ठराव झाला का, ठराव क्रमांक काय, हे लिहून ठेवा. "साहेब म्हणाले होईल" हा ठराव नव्हे.

ठराव झाला, नाव लागलं, आता निधी. या टप्प्यावर लोक एकच मागणी करतात, "काँक्रीट रस्ता द्या." थांबा. आधी नळाची लाईन, मग गटार, मग रस्ता, हा क्रम अर्जातच लिहून मागा. उलटं झालं की दोन वर्षांनी कोणत्या तरी योजनेची पाईपलाईन येते, नवा रस्ता मधोमध फोडला जातो, आणि त्या चरात घातलेली माती पहिल्याच पावसात बसते.

आणि आपल्याकडची जमीन. तापी-गिरणेच्या पट्ट्यातली काळी कपाशीची जमीन पावसाळ्यात फुगते आणि उन्हाळ्यात हातभर भेगा पडून आकसते. तिच्यावर नुसती खडी पसरून वर सिमेंटचा थर दिला तर तो थर दोन-तीन उन्हाळ्यांत तडकतो, मग ठेकेदार कितीही चांगला असो. अंदाजपत्रकात बॉक्स कटिंग, म्हणजे वरची काळी माती काढून टाकणं, त्यात मुरमाचा भराव, पाणी मारून रोलिंग, खडीकरण आणि मग काँक्रीट, अशा बाबी दिसल्या पाहिजेत. अंदाजपत्रकाची प्रत मागितली की मिळते. कामाच्या दिवशी कॉलनीतले दोन निवृत्त माणसं खुर्ची टाकून बसली आणि मुरूम किती थरांत पडला, रोलर फिरला की नाही एवढंच बघितलं तरी पुष्कळ. अजून एक: रस्त्याची पातळी विचारा. भराव आणि काँक्रीट धरून रस्ता फूट-दीड फूट वर येतो. तुमच्या घराची जोती खाली असतील तर पावसाचं पाणी रस्त्यावरून थेट पडवीत. ओट्यावर खडूने पातळीची खूण करून अभियंत्याला दाखवा आणि गटाराचा उतार कुठल्या नाल्याकडे जाणार ते त्याच्याकडून कागदावर काढून घ्या. कित्येक ठिकाणी गटार कॉलनीच्या तोंडापर्यंत येतं आणि तिथेच संपतं.

हे सगळं व्हायला वेळ लागेल. तोवर जूनच्या आधी मुरूम टाकून मागा. त्याला मोठी मंजुरी लागत नाही, मेमध्ये मागितला तर मिळण्याची शक्यता बरी असते, ऑगस्टमध्ये डंपरच कॉलनीत शिरत नाही.

पाण्याबद्दल मी तुम्हाला गोड बोलणार नाही. गिरणा पट्ट्यातली चाळीसगाव, भडगाव, पाचोऱ्याकडची गावं धरणाच्या आवर्तनावर, भुसावळ हतनूरच्या जोरावर तापीवर, अमळनेरही तापीवर, आणि नदीत पाणी असतानाही कित्येक पालिकांना रोज पाणी देता येत नाही, कारण टाक्या लहान, लाईन जुन्या आणि मध्येच वीज जाते. बारा दिवसांचं रोजवर आणा असा अर्ज करून काही होणार नाही. मागता येतं ते एवढं: झोननिहाय वेळापत्रक जाहीर करा आणि गावातल्या बाकीच्या झोनला किती दिवसांआड जातं ते दाखवा. मागच्या सहा महिन्यांचं पाणी सोडल्याचं रजिस्टर माहिती अधिकारात घ्या. व्हॉल्व्हमन कधी, किती वेळ व्हॉल्व्ह उघडतो त्याची नोंद असते. जुन्या गावात सहा दिवसांआड आणि तुम्हाला बारा दिवसांआड असा फरक कागदावर दिसला, तर तो मुद्दा सभागृहात टिकतो. पाणीपट्टी सगळ्यांना सारखीच आहे.

मात्र आपल्या गल्लीकडेही बघा. कॉलनी लाईनच्या शेवटच्या टोकाला आहे आणि पाणी आलं की घराघरातून मोटारी थेट नळाला लागतात, असं असेल तर शेवटच्या चार घरांना हवा ओढावी लागणारच. पालिका मोटार जप्त करायला येईल तेव्हा येईल, कॉलनीच्या बैठकीत घरपट्टीचा ठराव करण्यापेक्षा मोटारीचा केला असता तर या उन्हाळ्यातच फरक दिसला असता.

गढूळ पाणी आलं तर पहिली बादली टाकून देऊ नका. स्वच्छ बाटलीत भरून तारीख-वेळ लिहा आणि त्याच दिवशी पाणीपुरवठा विभागात नेऊन ओटी चाचणी करून मागा. चाचणीचं औषध टाकल्यावर क्लोरीन असेल तर पाणी पिवळं होतं, नसेल तर तसंच राहतं. उलट्या-जुलाबाचे दोन-तीन पेशंट एकाच गल्लीत दिसले तर लाईनला गटाराचं पाणी लागलंय असं समजून लगेच नगरपालिकेच्या दवाखान्यात कळवा, आणि तोवर पाणी उकळूनच प्या.

बारा दिवसांचं पाणी साठवायचं म्हणजे प्रत्येक घरी ड्रम आणि टाक्या आल्या. डेंग्यूचा डास अंड्यापासून उडायला आठ-दहा दिवसांत तयार होतो, म्हणजे तुमच्या दोन पाण्यांच्या मधल्या काळात त्याची एक पिढी सहज बाहेर पडते. ड्रमला जुन्या सुती साडीचा दुहेरी फडका घट्ट बांधा. पाणी यायच्या आदल्या दिवशी, भांडी तळाला आलेली असताना, ती घासून कोरडी करा. अंडी कडेला चिकटलेली असतात, नुसतं पाणी ओतून दिलं तर ती तशीच राहतात.

पालिकेने तुमच्या अर्जाला उत्तरच दिलं नाही तर वरच्या पायऱ्या दोन. घरपट्टीचा उतारा (नमुना ४३), थकबाकी नसल्याचा दाखला, खरेदीनंतर नाव लावणं, नवीन नळजोडणी यांसारख्या वैयक्तिक सेवा २०१५ च्या लोकसेवा हक्क अधिनियमात येतात. ठरलेल्या मुदतीत मिळाल्या नाहीत तर ३० दिवसांत प्रथम अपील करता येतं, आणि कसूर करणाऱ्या अधिकाऱ्याला ५०० ते ५,००० रुपये दंड आहे. रस्ता, गटार, हस्तांतर या गोष्टी त्या यादीत नाहीत. त्यांच्यासाठी लोकशाही दिन: तालुक्याला महिन्याच्या तिसऱ्या सोमवारी, जिल्हाधिकाऱ्यांकडे पहिल्या सोमवारी. अर्ज पंधरा दिवस आधी द्यावा लागतो आणि तो एकट्याच्या नावाचा, एकाच विषयाचा असावा. हस्तांतराचा विषय न्या, आवक क्रमांक असलेल्या पालिकेच्या पोचेची प्रत जोडा. जिल्हाधिकाऱ्यांसमोर मुख्याधिकाऱ्यांना उभं राहून उत्तर द्यावं लागतं, आणि महिनोन्‌महिने न सापडणारी फाईल त्या सोमवारी सकाळी सापडते.

या आठवड्यात मात्र बाकी सगळं बाजूला ठेवा आणि टेप घेऊन घरं मोजा. हस्तांतराला सहा महिने उशीर झाला तरी चालेल, हरकतीच्या मुदतीला एक दिवसही जास्त मिळत नाही.